चौदावा फर्मा

१७ मार्च २०२५
जहाजावर, ब्राझील सोडून चौथा दिवस

सर,

पाया पडतो असं लिहायचा हक्क मी घालवलाय, म्हणून लांबूनच वाकतो. मी पिराजी. गडमुडशिंगीचा, बाळासोंच्या प्रेसमधला बाईंडर. आता जहाजावर खलाशी आहे. हे पत्र भैरवीताईच वाचून दाखवत असणार, तर त्यांनाही नमस्कार. ताई, सरांना त्रास होईल म्हणून मधलं काही गाळू नका.

फोन का केला नाही म्हणाल. एक तर माझा आवाज ऐकला की तुम्ही फोन ठेवता. दुसरं, फोनवर मला खोटं बोलायला जमतं. कागदावर अक्षर वाकडं असल्यामुळं प्रत्येक शब्द थांबून लिहावा लागतो, आणि थांबलं की खोटं लाजतं.

काल आईशी बोललो. ती म्हणाली, “भैरवीताई मंडईत भेटलत्या. बाळासोंस्नी प्रेसची जागा सोडाय लागलीया. सरांची समदी पुस्तकं अक्षयतृतीयेच्या आत रद्दीला जाणार हायत. सर म्हणाले म्हणं, जाऊ द्या.”

मी विचारलं, “आणि काय म्हणाले?”

“आनि काय म्हणतील? तुझं नाव काढलं न्हाय, एवढंच बघ.”

सर, ‘उतारूंची यादी’ रद्दीत घालू नका. एवढं सांगायलाच हे पत्र आहे. दहा वर्षं तुम्ही त्या एका पुस्तकाचं मराठी करत होता. डोळे गेले तेव्हा शेवटचं प्रकरण ताईंना तोंडानं सांगून लिहवलंत. ते पुस्तक मी बिघडवलं हे मला मान्य आहे. पत्र्यातनं पाणी गळलं, शेवटच्या पानांचा फर्मा भिजला, आणि मी न सांगता उरलेल्यावर पुस्तक शिवून मोकळा झालो. तो माझा हलगर्जीपणा. त्याची शिक्षा पुस्तकाला कशाला?

इथं पाण्याला काठ नाही. पंचगंगेला पूर आला तरी पलीकडं झाडाचे शेंडे दिसतात, इथं तेही नाही. दिवसभर आम्ही गंज खरवडतो आणि रंग लावतो. रंग वाळेपर्यंत मागं पुन्हा गंज आलेला असतो. जहाजाच्या पोटात काय भरलंय सांगू? कागदाचा लगदा. पांढरे दाबलेले गठ्ठे, मजल्यावर मजले. कागदापासून पळून मी समुद्रावर आलो, तर कागदच मला पाठीवर घेऊन निघालाय.

आणि कुठं निघालाय? जेवणघरातल्या फळीवर बंदराचं नाव लावलंय. इंग्रजी मला जेमतेम लागतं, पण हे नाव लागलं. वेनमथ. ‘उतारूंची यादी’ लिहिणाऱ्या तुमच्या थॉर्नबीचं गाव.

तुमचा,
पिराजी


३० मार्च, गुढीपाडवा
समुद्रावरच

सर,

मागचं पत्र अजून बंदर नसल्यामुळं माझ्याच उशाखाली आहे. त्याला जोडून हे.

आज सारंगानं झाडूच्या काठीला नवा टॉवेल आणि स्टीलचा पेला लावून गुढी उभी केली. सारंग म्हणजे आमचा मुकादम, देवगडचा. मी लिहीत बसलेला बघून म्हणाला, “काय रे, कोणाक लिवतंस? बायलेक?” म्हटलं, मास्तरांना. तर म्हणाला, “मास्तराक लिवणारो खलाशी मी पयलोच बघतंय. कायतरी चोरून इलंस वाटता.”

हसलो. पण दिवसभर ते वाक्य माझ्याबरोबर गंज खरवडत होतं.

सर, मी दहावी काठावर पास झालेला माणूस. पुस्तक सरळ वाचलं असं कधी झालं नाही. बाईंडरच्या हाती पुस्तक फर्म्यांनी येतं. सोळा पानांची एक घडी, तो एक फर्मा. तुमच्या पुस्तकाचे चौदा. आज पाचवा, उद्या दुसरा, जसे छापून येतील तसे. घडी घालता घालता नजर पडायची, मग हात थांबायचा. बाळासो ओरडायचे, “पावणं, वाचायला ठेवलंय व्हय तुम्हांस्नी?” तुम्ही घडीच्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसलेले असायचा. म्हणायचा, “वाचू दे हो. पहिला वाचक आहे तो माझा.”

आणि थॉर्नबीच्या गोष्टी सांगायचा. त्याचा बाप होडीवर माणसं पलीकडं न्यायचा. हा जकातीच्या कचेरीत कारकून लागला आणि दर रविवारी कामगारांच्या एका पेपरात लिहायला लागला. सरकारवर, चर्चवर, बेकरीतल्या पावावर आणि पावात मिसळलेल्या खडूवर. लोक त्याला विचारायचे, राजकारणावर लिहितोस तर पावावर कशाला? तो म्हणायचा, मी दोन्ही वेळा पावावरच लिहितो. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला वाटलं, हा माणूस आपल्या प्रेससमोरच्या टपरीवर चहा पिऊन गेलेला असणार.

कादंबरीतला नावाडी तर मला ओळखीचाच होता. देशात लढाई पेटलीय आणि सरकार त्याला सांगतं, नदी कोण ओलांडतं त्यांची यादी दे. तो रोज कोरी यादी देतो. तेराव्या फर्म्याचं शेवटचं पान आठवतंय? शिपाई त्याला विचारतात, तुझ्या होडीतनं कोण कोण पार गेलं? नावाडी म्हणतो, मला कोणाचंच नाव ठाऊक नाही. तिथं नेमकं वाक्य संपतं आणि फर्माही संपतो.

आज आईचा फोन होता. भैरवीताई घरी येऊन गेल्या. विचारत होत्या, पिराजीकडं त्या शेवटच्या फर्म्याची एखादी तरी प्रत असंल का, भिजलेली, फाटलेली, कशीही. बाळासोंचा कॉम्प्युटर बंद पडला तो पडलाच. आणि तुमची ती सवय, प्रूफ पास झालं की हस्तलिखित बंबात. अंघोळीचं पाणी तापवायला आपलाच शब्द बरा, म्हणायचा तुम्ही. म्हणजे शेवटचं प्रकरण आता जगात कुठंच नाही.

हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, ताईंच्या अक्षरातलं ते प्रकरण तरी तुमच्या कपाटात आहे, कधीही परत छापता येईल.

सर, तो फर्मा भिजला नव्हता.

पत्रा गळत होता हे खरं, पण गठ्ठे कोरडे होते. मी तेराच फर्मे शिवले. मुद्दाम. शेवट वाईट होता म्हणून.

आज एवढंच लिहवतंय.


६ एप्रिल
वेनमथच्या तोंडाशी, नांगर टाकून

सर,

दोन दिवस धुक्यात उभे आहोत. धक्का रिकामा नाही. गाव दिसतं आणि दिसत नाही. मघाशी चर्चचा शेंडा वर आला, खाली काहीच नव्हतं, जसं काही तो शेंडाच पाण्यावर तरंगत निघालाय. मग तोही मिटला. घंटा मात्र ऐकू येते. डोळे मिटून ऐकली की वाटतं, आपण नृसिंहवाडीला संगमावर आहोत, आरती चाललीय, आणि पलीकडून एक होडी येतेय. होडीत कोण आहे ते कधी दिसत नाही. दिसायच्या आत सारंग हाक मारतो.

काल कामावर मी सरळ हे स्वप्न बघत उभा होतो, हातात ब्रश. सारंग म्हणाला, “रंग समुद्राक लावतंस काय?”

‘शेवट वाईट होता’ असं मी मागं लिहिलं. ते पण अर्धंच आहे. वाईट शेवटाची पुस्तकं मी ढिगानं बांधलीत, एकाचाही फर्मा लपवला नाही.

चौदाव्या फर्म्यात नावाडी पार नेलेल्या मित्राचं नाव सांगतो. मारून मुटकून नाही. शिपाई त्याला गरम सूप देतात, खुर्ची देतात, आणि तो सांगून टाकतो. मग घरी जाऊन होडी धुतो. चांगली घासून घासून धुतो. मी ते उभ्यानं वाचलं आणि खाली बसलो. मला वाटलं, हे माझ्याबद्दल कोणी लिहून ठेवलं?

आमच्या शेजारचा विश्वजित. डोळे होते तेव्हा तुम्ही त्याला बघितलंय, मला सोडायला मोटरसायकलवर यायचा. रोज पहाटे पळायचा, पोलीस भरतीसाठी. ग्राउंड निघालं, लेखी निघालं. त्याच्याआधी गावात निवडणुकीत एका पुढाऱ्याचा फ्लेक्स फाटला होता. आम्ही चौघांनी मिळून फाडला होता, हसत हसत. दुसऱ्या दिवशी त्या पुढाऱ्याच्या माणसानं मला एकट्याला ढाब्यावर नेलं. ताट मागवलं. म्हणाला, “तुला काय करत न्हाय, भावा. कुणाचं तरी एक नाव पायजे. एकच.” रस्सा चांगला होता, सर. मी पहिली वाटी संपवली आणि विश्वजितचं नाव सांगितलं.

त्याच्यावर केस झाली. भरतीच्या वेळी चारित्र्य तपासणीत ती निघाली. आता तो टेम्पो चालवतो. मला अजून भाऊ म्हणतो.

म्हणून मी तेराच फर्मे शिवले. मला वाटलं, नावाडी तरी सुटू दे. ‘मला कोणाचंच नाव ठाऊक नाही’ म्हणून तो धुक्यात निघून जाऊ दे. फर्म्याचं वाक्यही बरोबर तिथंच संपत होतं, जणू काही मशीनच म्हणत होतं, इथं थांब. तुमचे डोळे गेलेले, शिवलेलं पुस्तक तुम्ही हातात घेऊन नुसता वास घेणार, हे मला माहीत होतं. तेवढ्यावर मी धाडस केलं.

प्रकाशनाच्या दिवशी ते पाहुणे प्राध्यापक म्हणाले, “नावाडी शेवटपर्यंत नाव घेत नाही, केवढा आशावादी शेवट आहे,” आणि टाळ्या पडल्या. तुम्ही उभे राहिलात. टाळ्या थांबेपर्यंत थांबलात. मग माईक सोडून नुसत्या आवाजात विचारलंत, “पिराजी, चौदावा फर्मा कुठं आहे?” मी मागच्या दाराशी होतो. “भिजला, सर.” सगळं सभागृह हसलं. तुम्ही ताईंचा हात धरून जिना उतरून गेलात.

त्या आठवड्यात मी मुंबई गाठली.


११ एप्रिल
वेनमथ, खलाशांचा क्लब

सर,

सकाळी धक्का मिळाला. तीन तास सुट्टी दिली. बाकीचे सिमकार्डं घ्यायला गेले, मी थॉर्नबीला शोधायला. फार शोधावं लागलं नाही. गाव आपल्या मुडशिंगीपेक्षा लहान. नदी चिखलाची, ओहोटीला होड्या चिखलात कलंडून झोपलेल्या. जुन्या जकात कचेरीत आता वाचनालय आहे आणि मागच्या खोलीत त्याच्या वस्तू. एक म्हातारी बाई स्वेटर विणत राखण करत होती.

माझं इंग्रजी म्हणजे हातवारे. सांगितलं, हे पुस्तक आमच्या भाषेत आहे, माझ्या मास्तरांनी केलं, मी शिवलं. ती खुश झाली. चहा दिला, बिनसाखरेचा. म्हणाली, “शेवटचं प्रकरण तुमच्या भाषेत कसं वाटतं?” मी म्हटलं, आमच्या पुस्तकात शेवटचं प्रकरण नाही. तिनं सुया खाली ठेवल्या. म्हणाली, “मग ते पुस्तक नव्हे. सहल झाली ती.”

मग तिनं सावकाश, लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. थॉर्नबीच्या तरुणपणी इथं मोठा संप झाला होता. त्यानं लिहिलेलं एक पत्रक जोब पिम नावाच्या, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यानं चोरून छापलं. थॉर्नबीला पोलिसांनी बोलावलं, विचारलं, आणि त्यानं पिमचं नाव दिलं. पिम दोन वर्षं आत गेला. दगड फोडून बोटं गेली, परत कधी खिळे जुळवले नाहीत. त्यानंतर अकरा वर्षांनी ही कादंबरी आली. पहिली प्रत थॉर्नबीनं पिमला पाठवली.

सर, हे तुम्हांला माहीत होतं ना? स्टुलावर बसून एकदा म्हणाला होता, “चौदा फर्म्यांतले तेरा बाकीच्या जगासाठी आहेत. शेवटचा एकाच माणसासाठी.” मी तेव्हा घडी घालत होतो. मला वाटलं, साहित्यातलं काहीतरी असेल.

पिमची ती प्रत तिथं काचेच्या पेटीत ठेवलीय. मी वाकून बघितली. बाकीच्यांना कव्हर दिसतं, मला कडा दिसतात. जुन्या काळची पुस्तकं कडा न कापता देत, घड्या तशाच बंद. वाचणाऱ्यानं सुरीनं एकेक घडी कापायची आणि मग पान उघडायचं. त्या प्रतीच्या घड्या वरून खालपर्यंत बंद आहेत. पिमनं पुस्तक वाचलंच नाही, असं मला वाटलं. मग शेवटाकडं नजर गेली. शेवटचा फर्मा तेवढा कापलेला आहे. चाकू नीट चालवता आलेला नाही, कड फाटत फाटत गेलीय. बोटं गेलेल्या माणसानं कापलेली कड आहे ती.

बाईला बोटानं दाखवलं. ती म्हणाली, “हो. तेवढंच वाचलं त्यानं.” आणि परत विणायला लागली.

मी तिथं किती वेळ उभा होतो कोण जाणे. बाहेर भरती यायला लागली होती, कलंडलेल्या होड्या एकेक करून उठत होत्या. मला कळलं ते एवढंच. मला वाटत होतं मी नावाड्याला वाचवलं. मी थॉर्नबीनं मागितलेली माफी काढून घेतली होती. आणि तुमची दहा वर्षं त्या एका फर्म्यासाठी होती, ती पण.

आता सांगतो. चौदावा फर्मा आमच्या घरी आहे, सगळाच्या सगळा. गोठ्यावरच्या माळ्यावर, वैरणीच्या मागं, खताच्या कोऱ्या प्लास्टिकात गुंडाळून सुतळीनं बांधलेले गठ्ठे. खाली डांबरगोळ्या टाकल्यात, उंदीर लागला नसणार. आईला माहीत नाही, तिला वाटतं प्रेसचे जुने कागद आहेत.

पुस्तकं जुजबंदीनं शिवलेली आहेत, नुसती डिंकानं चिकटवलेली नाहीत. कव्हर अलगद सोडवलं तर मागं चौदावा फर्मा शिवता येतो. बाळासोंना जमणार नाही. पण आजऱ्याचे गुंडूकाका बाईंडर अजून आहेत, त्यांना सांगा. माझी वाट बघू नका, मला यायला वेळ आहे. फक्त रद्दीवाल्याला थांबवा.

टपाल पोचेपर्यंत तृतीया होऊन जाईल. म्हणून चारही पत्रांचे फोटो काढून इथल्या वायफायवरून ताईंना पाठवतोय. कागदही टाकतोच.

विश्वजितला मी आत्ताच फोन केला. ढाबा, रस्सा, नाव, सगळं सांगितलं. टेम्पोचं इंजिन चालू होतं ते ऐकू येत होतं. मग फोन बंद झाला.


१९ एप्रिल
परत समुद्रावर

सर,

आज नेट आलं आणि आईचा फोन लागला. ती जे बोलली ते तसंच लिहितो, म्हणजे तुम्हांला कळेल माझ्यापर्यंत काय पोचलं.

“आरं, सर सोता आल्ते. रिक्षानं, भैरवीताईंसंगं. गोठ्यात बाजलं टाकलं, बसले. म्हशीनं शेपटी मारली तरी हलले न्हाईत. म्हणाले, माळ्यावर काय हाय ते काढा. आता माळ्यावर मी चढू व्हय? विश्वजितला हाक मारली. आला. समदं गठ्ठं खाली घेतलं, टेम्पोत रचलं. च्या ठेवलता, त्यो बी घेतला न्हाय.”

“सर काय म्हणाले?”

“एक कागुद हातात घेतला, वास घेतला. ताईंनी वाचाय सुरू केलं, तर म्हणाले, हितं नको, घरी. मग मला म्हणाले, शालूबाई, तुमच्या पोराला सांगा, पुस्तकं रद्दीला जात नाहीत. माझ्या घरी येतायत. गुंडू बाईंडरला मी बोलावणार नाही. शिलाई त्यानंच करायची, माझ्या समोर बसून. तोवर मी त्याच्याशी बोलणार नाही. शिलाई झाल्यावर काय ते बघू.”

मी म्हटलं, चौदाव्या फर्म्याच्या कडा कटिंगला गेलेल्या नाहीत, तो बाकीच्या पानांच्या बाहेर येईल, हे सरांना सांग. आई म्हणाली, “त्ये ताईंनी बी सांगितलं. सर म्हणाले, येऊ दे बाहेर.”

सर, माझं कॉन्ट्रॅक्ट जूनअखेर संपतं. सारंगाला सांगितलंय, पुढचं जहाज नको. तो म्हणाला, “चोरलेला परत करूक चल्लंस? जा. पण परत येतलंस, तुझो पाय थाऱ्यार नाय.” येईनही. पण आधी शिवून येईन.

एक गोष्ट राहिली. रात्री ताईंचा मेसेज आला. घरी नेऊन गठ्ठे लावले तेव्हा एका गठ्ठ्याची सुतळी सुटलेली होती आणि त्यातला एक फर्मा कमी होता. रस्त्यात कुठं पडला असेल का, असं त्या विचारतायत. पडला नसणार. टेम्पो विश्वजित चालवत होता, आणि मी मारलेली गाठ हिसक्यानं सुटत नाही, बसून सोडवावी लागते.

ताई, तो फर्मा शोधू नका, विश्वजितला विचारूही नका. त्याच्याकडं शेवट आहे. आधीचे तेरा फर्मे त्याच्या हातात द्यायला मी येतोय.

पिराजी